मंगळवारचे फुकट पास

नायक काहीतरी सांगायला तोंड उघडणार, एवढ्यात पडदा पांढराफटक पडला. मंगळवारचा दुपारचा खेळ... माणसं जेमतेम वीस, पण ओरडा दोनशे जणांचा.

"काय गं, काय म्हणाला तो?" मावशीने विचारलं.

"काही नाही म्हणाला. मशीन बंद पडलं."

मावशीची नजर वर्षभरापासून विझत चालली होती आणि डॉक्टरांनीही हात टेकले होते. म्हणून भाची तिच्या कानाशी लागून पडद्यावरचं सगळं सांगत बसायची. कुणी कसला कोट घातलाय, कोण कुणाकडे चोरून बघतंय, सगळं. भाची स्वतः चष्म्याच्या दुकानात कामाला होती. दिवसभर जगाला नीट दिसावं म्हणून खपायचं आणि घरी आपल्याच माणसाला दिसेनासं होताना बघायचं, असलं तिचं नशीब!

मावशीसाठी पाणी आणायला म्हणून ती बाहेर पडली, तर वरच्या जिन्यावरून एकजण धाडधाड उतरला आणि थेट तिच्यावरच आदळला.

"लागलं का हो?"

"मला नाही. बाहीला लागलं." बाहीवर काळ्या तेलाची चार बोटं उमटली होती.

"अरे बापरे... धुऊन देतो मी."

"इथेच काढून देऊ का बाही?"

तो कानापर्यंत लाल झाला. ती गालात हसली. "मशीन तुम्हीच चालवता?"

"चालतं तेव्हा मीच चालवतो. बंद पडतं तेव्हा शिव्याही मीच खातो." मग जरा धीर करून तो म्हणाला, "शो अर्धवट राहिला की इथे पुढच्या मंगळवारचा पास फुकट मिळतो. याल ना?"

आता येणार नाही तर काय! पुढच्या मंगळवारी दोघी गेल्या. आणि काय सांगावं, त्याही दिवशी शेवटाला दहा मिनिटं उरली असताना मशीन बंद. पुन्हा पास. त्याच्या पुढच्या मंगळवारी पुन्हा तेच. मावशीला आनंदाचं भरतं आलं.

"आपल्या घराण्यात कुणाला कधी साधी गोळीसुद्धा फुकट मिळाली नव्हती गं. तुझा पायगुण चांगला!"

भाचीलाही नशीब फळफळल्यासारखं वाटत होतं, फक्त पासांमुळे नव्हे. शो बंद पडला की तो खाली यायचा, माफी मागायचा आणि माफी मागता मागता अर्धा तास बोलत उभा राहायचा. एकदा तर तो दुकानातच हजर झाला. म्हणे, डोळे तपासायचेत.

"खालची ओळ वाचा," ती म्हणाली.

त्याने ती वाचलीच, शिवाय तक्ता छापणाऱ्याचं मुंगीएवढ्या अक्षरातलं नावही वाचलं.

"नजर तर घारीची आहे तुमची. चष्मा कशाला हवाय?"

"चष्मा नकोच आहे मला." तो तिच्याकडे बघत राहिला. "पण तसं सांगून दुकानात कसं येणार?"

ती वळून उगाचच काचा पुसत बसली. बोल ना पुढे, तिच्या मनात आलं. पण तो 'येतो मी' म्हणून निघून गेला.

असे दोन महिने गेले. मग एका मंगळवारी पासवाल्यांच्या रांगेतून तिने पाहिलं, थिएटरचे मालक त्याला सगळ्यांसमोर ताडताड बोलत होते. तो मान खाली घालून ऐकून घेत होता. तो गेल्यावर ती तडक मालकांकडे गेली.

"काका, त्यांच्यावर कशाला चिडता? मशीनच म्हातारं झालंय. ते तरी काय करणार?"

मालक माणूस म्हणून वाईट नव्हते. कपाळ चोळत म्हणाले, "खरं आहे पोरी तुझं. बदलायलाच हवं ते."

आणि त्यांनी बदललं! नवं मशीन आलं. बटण दाबलं की चालणारं. तिकीट फाडता फाडता दरवानही ते सांभाळू शकत होता.

त्या मंगळवारी मावशीला खुर्चीवर बसवून ती जिना चढून वर गेली. पहिल्यांदाच. तो जमिनीवर मांडी घालून जुन्या मशीनचे स्क्रू सोडवत होता.

"भंगारवाला संध्याकाळी येतोय," तो वर न बघता म्हणाला. "मी परवा निघतो. बंदराच्या गावी मेव्हण्यांनी गोदामात काम बघितलंय. घरी आई आहे... हात बांधून बसून चालायचं नाही."

तिला धरायला काही सापडेना. शेवटी तिने दाराची चौकट धरली. "माझ्यामुळे झालं हे. मालकांना मीच म्हटलं, मशीन म्हातारं झालंय. तुम्हाला बोलणी बसत होती, बघवेना मला."

तो आधी हसला. मग हसू तोंडावरच विरलं.

"मशीन ठणठणीत होतं हो. पहिल्या दिवशी खरंच बंद पडलं. नंतर... मीच बंद पाडायचो. या झरोक्यातून तुम्ही दोघी दिसायचात. तुम्ही मावशींच्या कानाशी वाकलेल्या... वाटायचं, खेळ पुरा झाला तर पुढच्या मंगळवारी कशाला येतील या?"

"तिकीट काढून आले असते मी!" तिचा आवाज चढला आणि तिथेच फुटला. "रोज आले असते. एकदा विचारायचं तरी!"

"नाही म्हणाला असतात तर?"

"हो म्हणाले असते."

खाली खेळ सुरू झाला होता. नवं मशीन अजिबात आवाज करत नव्हतं.

तो उठला. तेलाचे हात पँटला पुसले, पण तिचा हात धरायचं धाडस काही झालं नाही. "मग आता विचारतो. येशील माझ्याबरोबर?"

दोन महिने ज्या प्रश्नाची वाट बघितली, तो समोर उभा होता. तिला जायचं होतं. जीव तोडून जायचं होतं. पण मावशीला आता फक्त आपलं घर दिसत होतं, तेही हातांनी. इथे चूल, इथे पलंग, इथे पाण्याचा नळ. परक्या गावात ती बाई पुरती आंधळी झाली असती.

"मावशीने मला लहानाचं मोठं केलंय रे..." ती एवढंच म्हणाली.

"माहीत होतं मला."

"मग विचारलंस कशाला?"

"विचारायचं राहून गेलं, असं जन्मभर वाटू नये म्हणून."

ती जिन्यापर्यंत आली. मागून पुन्हा स्क्रूचा आवाज यायला लागला, मध्येच थांबला, पुन्हा सुरू झाला. ती अर्ध्या जिन्यात बसली आणि तोंडात ओढणी कोंबून रडली. मावशीला दिसत नसलं तरी आवाजातलं रडू तिला सगळ्यात आधी कळायचं. म्हणून डोळे पुसल्यावरही ती तिथेच बसून राहिली, हळूच "मावशी... मावशी..." असं म्हणून बघत राहिली.

आवाज नीट निघायला बराच वेळ लागला. मग ती खाली उतरली.