ससा मागे फिरला

पौषातलं धुकं बेलापूरच्या पाटावर इतकं दाट उतरलं होतं, की दोन्ही बाजूंचा ऊस पुष्पावतीला नुसता ऐकू येत होता. साल एकाहत्तर. बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष, विषय गणित. नगरची एसटी गाठायला ती रोज सकाळी पाटाच्या कडेनं एकटीच निघायची. आणि आजही तेच... मागून पावलं! ती थांबली की थांबायची, ती चालली की चालायची.

अंगावर सर्रकन काटा आला. पण ओरडायचीही चोरी! "एवढंसं काही कानावर आलं, तर कॉलेज बंद," असं तिच्या वडिलांनी, म्हणजे आबासाहेबांनी, बजावलं होतं. भुतापेक्षा तिला त्याचीच धास्ती जास्त.

मग तिला कालचा तास आठवला. ससा सरळ पळतोय, कुत्रा सतत त्याच्याच दिशेनं धावतोय. सरांनी त्याचं डिफरन्शियल इक्वेशन मांडलं होतं. दोघांचा वेग सारखा असेल, तर मधलं अंतर कधीच मिटत नाही. म्हणजे हे असंच चालायचं वर्षभर? आणि सशानंच मागे वळायचं ठरवलं तर?

पदर खोचून ती गर्रकन वळली आणि तरातरा धुक्यात शिरली. समोर आधी चष्मा दिसला, मग अख्खा गहिनीनाथ — तिच्याच वर्गातला, मागच्या बाकावरचा, तिच्याशी आजवर चकार शब्द न बोललेला.

"तुमी?" तिचा जीव भांड्यात पडला, आणि लगेच रागही आला. "असं चोरावानी मागं मागं?"

"बोलायचं हुतं... लई दिवसांपासून." तो कानापर्यंत लाल झाला. "मला तुमी... आवडता. पन बोलनार कसं? तुमच्यासंगं त्या असायच्या —"

"कोन त्या?"

"हिरव्या लुगड्यातल्या बाई. रोज तुमच्या खांद्यावर हात ठिवून चालत्यात. आत्ता तुमी वळलात, अन् त्या तशाच पुढं गेल्या."

पुष्पावतीचा हात आपसूक खांद्याकडे गेला. "मी... एकटीच येते हो. रोज."

तिच्या पाठीमागे धुक्यात ऊस एकाच जागी सळसळला. गहिनीनाथचा चेहरा पांढराफटक पडला. तरी तो सरकून तिच्या आणि त्या उसाच्या मधे उभा राहिला. भेदरलेला होता बिचारा, पण हलला नाही. तिला तो फार, फार आवडला.

तिनं त्याची बाही घट्ट धरली.

"घरी यातलं कायबी कळू द्यायचं न्हाई," ती कुजबुजली. "कॉलेज सुटलं, तर... तुमीपन सुटाल. अन् ते मला चालनार न्हाई."