खांब बाहेर, पोरं आत

"अहो, प्लास्टर कधी होणार याचं?"

शिडीवर एक तरुण रुमालाने बोल्ट पुसत होता. मी खाली उभी. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात खेळण्यांची पिशवी, आणि श्रावणाची भुरभुर दोन्हींवर.

"होणार नाही," तो म्हणाला. "हे असंच राहणार."

मी वर पाहिलं. तारापूरच्या कॉलनीत वाढलेली मी, कारखाने काय कमी पाहिलेत? पण असली इमारत नव्हती पाहिली. पोलादी खांब भिंतीच्या बाहेर, जिना बाहेर लटकलेला, आणि निळे, हिरवे, पिवळे पाइप अंगभर घातलेले.

"मला सांगितलं होतं पाळणाघर आहे म्हणून. ही तर अणुभट्टी दिसतेय."

तो हसतच खाली उतरला. "मी विपुल, इथल्याच माकुणसार गावचा. आर्किटेक्ट. ही भट्टी कागदावर मीच काढलीय. तुम्ही?"

"उत्कर्षा. पाळणाघर मी सांभाळणार."

"मग ताई म्हणायचं का? सगळे म्हणतील तसं?"

"नको." फारच पटकन निघालं ते तोंडून. त्याने मान वळवली, पण गालावरचं हसू मला दिसलंच.

"निळ्यातून हवा, हिरव्यातून पाणी, पिवळ्यातून वीज," तो सांगू लागला. "परदेशात पन्नासेक वर्षांपूर्वी ही हायटेक शैली आली. इमारत कशावर उभी आहे, श्वास कसा घेते, काही म्हणता काही लपवायचं नाही. आणि ही सगळी अडगळ बाहेर का काढली... ते आत येऊन बघा."

आत एकही खांब नव्हता. छपरातून उजेड उतरत होता, आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत नुसती मोकळी जमीन. मी पिशवी खाली ठेवली आणि मोठ्या बाईने करू नये ते केलं. पळत सुटले. पार त्या टोकापर्यंत.

"पहिला प्रवेश तुमचा," तो दारातून म्हणाला. मला धाप लागली होती. पळाल्यामुळेच... असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

पण दुसरा प्रवेश काही होईना. ज्यांच्या पोरांसाठी कंपनीने हे बांधलं, त्या पॅकिंग खात्यातल्या बायका फाटकापर्यंत यायच्या, वर बघायच्या आणि परत फिरायच्या. लेकीला कडेवर घेतलेल्या जिवलीने तर तोंडावर सांगितलं, "ताई, ही बी कंपनीच दिसते. आमी पोर कंपनीत नाय ठेवणार."

मग कंपनीचे दिनानाथ साहेब आले. "बाहेरून पत्रे ठोकू, त्यावर बदकं रंगवू. सगळं झाकलं की बायका येतील. उत्कर्षा मॅडम, सोमवारी सांगा. तुमचा शब्द शेवटचा."

विपुलने नुसती मान डोलावली. संध्याकाळी जिन्यावर बसलेला दिसला.

"भांडत का नाही तुम्ही?"

"पोरं आली पाहिजेत. झाका म्हणा."

"मनापासून?"

"नाही," तो म्हणाला. "पण झाका म्हणा."

मला त्याचा रागही आला, आणि... जाऊ दे.

दुसऱ्या दिवशी पाळी सुटल्यावर मी जिवलीला फाटकातच अडवलं. "ठेवू नकोस. नुसती आत तर ये."

ती आली. लेक कडेवरून उतरली आणि तीही सुटली पळत. जिवली मात्र चहूकडे बघत राहिली.

"ताई, हितं खांब कुठं हाय?"

"बाहेर आहेत सगळे."

"मंग ही आदळंल कशावर?" तिने लेकीच्या कपाळावरचं टेंगूळ दाखवलं. "घरात मेढीच्या खांबावरच डोकं आपटते सारखी." थोडा वेळ तिने लेकीचं पळणं पाहिलं. "उद्यापासून ठेवते. माझ्या जोडीच्या सपनालाबी सांगते."

सपना आली. तिच्या मागून बाकीच्याही. सोमवारी आत एवढा गलका होता की दिनानाथ साहेबांना ओरडून बोलावं लागलं. "छानच! पण पत्रे लावूच. पाहुणे येतात, जरा बरं दिसेल. काय मॅडम?"

विपुल खिडकीबाहेर बघत होता.

"नको," मी म्हणाले. "झाकायचं नाही."

साहेबांनी खांदे उडवले आणि ते निघून गेले. विपुल माझ्याजवळ आला.

"बायका आल्या म्हणून नको म्हणालात?"

"नाही. पत्रे लावल्यावरही आल्या असत्या आता."

"मग?"

"मला आवडते."

"काय?"

"इमारत. इमारत आवडते." बाहेर भुरभुर पुन्हा सुरू झाली होती. मी एक बाहुली उचलली, उगाच तिचे केस नीट करत राहिले. "आणि... आवडतो."

आमच्या दोघांच्या मधून जिवलीची लेक पळत गेली.

"त्या दुसऱ्या वाक्यात," तो हळूच म्हणाला, "नाव राहिलं."

"नाव लग्नात घेतात," मी म्हणाले आणि बाहुली त्याच्या हातात दिली.