भरलेली दोनशे पिंपं

पटो न पटो, हे घडलंय. माझी सख्खी आत्या तिथे उभी होती. आणि रात्रबित्र नव्हे हं, शनिवारची भर दुपार. वाइनरीचं तळघर.

थोरल्या मालकांनी तीन लाकडी पिंपांवर धंदा मांडला. चाळीस वर्षांत दोनशे झाली. नियम एकच. लाकूड वाइन पितं, पिंपातली पातळी उतरत जाते. म्हणून दर आठवड्याला प्रत्येक पिंपावर बोटांनी टकटक करायची. आवाज पोकळ आला, की वरून वाइन ओतून काठोकाठ भरायचं.

हे काम आत्याचं. तीस वर्षं.

थोरले गेले आणि गादीवर जावईबापू बसले. अंगात कोट, डोक्यात भुसा.

"बाई, चांगली वाइन लाकडाला पाजताय?"

"नाही पाजली तर हवा शिरेल, जावईबापू. सगळी आंबेल."

"तुम्ही आणि तुमचा म्हातारा! बंद करा ही थेरं."

बंद झालं. दोन वर्षं. बुचांवर लाखेचं सील लागलं, आणि पिंपांवर जावईबापूंचं नाव. सोनेरी अक्षरांत!

त्या शनिवारी गिऱ्हाईक आलं. अख्खी वाइनरी घेणार होतं. नाही घेतली, तर टाळं.

जावईबापूंनी ऐटीत पहिल्या पिंपावर टकटक केली.

भरीव आवाज.

"बघा! गच्च."

तोटी फिरवली…

थेंब नाही.

बूच काढून आत्याने बॅटरी मारली. आत कोरडं ठणठणीत. वास नाही, गाळ नाही, डाग नाही. दुसरं तसंच. दहावं तसंच. आणि टकटक केली की… भरीव!

"बाई, तुम्हीच प्यायलात!"

दोनशे पिंपं, एकटी बाई. अक्कल बघा!

गिऱ्हाईक केव्हाच जिना चढून पसार झालं होतं. आणि मग…

टक टक.

रांगेच्या टोकाचं पिंप. आतून.

टक टक. त्याच्या शेजारचं. मग त्याच्या शेजारचं. सावकाश… एकही न चुकवता… जावईबापूंच्या दिशेने.

"को… कोण आहे?" भिजल्या मांजराचा आवाज.

पिंपं संपली. शांतता.

मग त्यांच्या छातीवर… टक टक. हात दिसला नाही. कोटाचं बटण तेवढं हललं.

आवाज आला. पोकळ.

महिन्याभरात टाळं, वर्षाभरात बुलडोझर. आज तिथे जोत्याचा दगडही सापडत नाही. जावईबापू मात्र आहेत. दिवसभर पाणी पितात, बादल्याच्या बादल्या. तहान भागत नाही. आत्याला त्यांची काडीचीही कीव येत नाही. चवीने सांगते.

परवा मात्र सांगता सांगता थांबली.

"त्यांच्या शेजारी मीच उभी होते रे. टकटक माझ्यापर्यंत यायच्या आत मी पळाले."

मग म्हणाली,

"म्हणजे… माझ्यावरची टकटक राहिलीच की."