खानोलकरांचे अठरा पराभव

फासा सहा हजार वेळा टाकून झाला तेव्हा मंदार खानोलकरांनी यंत्रबाहू थांबवला आणि समोरच्या आकड्यांकडे, शेजाऱ्यानं फुकट दिलेल्या माशांकडे पाहावं तसं पाहिलं. वास येत नव्हता. म्हणजे काहीतरी होतंच.

एक हा आकडा एक हजार चार वेळा पडला होता, सहा नऊशे सत्त्याण्णव वेळा, आणि मधले सगळे असेच हजाराच्या आसपास घुटमळत होते. याहून सज्जन फासा सोमपूरच्या मापनशाळेत कुणी पाहिला नसता. खानोलकरांनी तो उचलला आणि स्वतःच्या हातानं टाकला. एक. पुन्हा टाकला. दोन. पुन्हा एक.

"यंत्राशी प्रामाणिक आणि माझ्याशीच लबाड," ते फाशाला म्हणाले. "इकबाल मेल्या, आता सापडलास."

सोमपूर ही चंद्रावरची वसाहत. तिथं वजन पृथ्वीच्या एक षष्ठांश असतं, त्यामुळे माणसं आनंदी असतात आणि फासे बेफाम. वसाहतीच्या पहिल्या वर्षी कुणीतरी ईर्ष्येनं टाकलेला फासा छताला लागला, भिंतीला लागला आणि बऱ्याच वेळानं तिसऱ्याच माणसाच्या चहात बुडून सहा दाखवून बसला. ते सहा धरायचे की नाही यावरून दोन कुटुंबं अजून एकमेकांशी बोलत नाहीत. म्हणून पुढे बंद बरणीत फासा खुळखुळवायची पद्धत पडली. ती बरणी पाच महिन्यांपूर्वी तडकली, आणि कार्यशाळेच्या इकबाल मुजावरांनी धरफासा बनवला. त्याच्या पोटात एक सरकता, जड लोहचुंबकी लोळा होता. दोन उड्या झाल्या की लोळा एका बाजूला सरके आणि फासा पटाला घट्ट धरून बसे.

त्या धरफाशावर दर रविवारी दुपारी चौघांचा ल्युडो चाले. खानोलकर, इकबाल, मज्जातंतूंच्या डॉक्टर हेमांगी शिरसाट आणि खानोलकरांची मुलगी सई, जी वसाहतीच्या हरितगृहात भाजीपाला पिकवायची. नियम दोनच. फासा टाकणाऱ्यानंच तो पटावरून उपटून शेजाऱ्याच्या तळहातावर ठेवायचा. आणि शेवटून पहिला येईल त्याच्या घरी पुढची बैठक, थालीपिठंही त्याच्याच कांद्यांची. सोमपुरात माणशी आठवड्याला दोन कांदे मिळतात. तेव्हा हरणं म्हणजे काय, हे चंद्रावर कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

धरफासा आल्यापासून अठरा रविवार झाले होते, आणि अठराही वेळा खानोलकर हरले होते. त्यांची सोंगटी घराबाहेरच पडायची नाही.

त्या रविवारीही बैठक अर्थातच त्यांच्याकडे होती. बाहेर सूर्य चार दिवसांपासून डोक्यावर होता. चंद्रावरची दुपार अशीच असते, पाहुण्यांना उठायची घाई नसते.

इकबाल दारातच नाक वर करून म्हणाले, "खानोलकर, कांदा जरा करपलाय बघ."

"अठरा आठवडे माझाच करपतोय. तुझा अजून कोवळाच असेल."

"आमचं नशीब हाय बाबा. कोल्हापूरचं."

"नशीब नव्हे. तुझी कार्यशाळा." खानोलकरांनी मापनशाळेचा कागद पटावर ठेवला. थालीपिठाच्या ताटल्या त्यांनी मुद्दाम बाजूला सारल्या होत्या. "यंत्रानं टाकला तर हा फासा सरळ. मी टाकला तर एक आणि दोन. म्हणजे याला माझा हात ओळखता येतो. का ओळखता येतो, ते याच्या बापानं सांगावं. नाहीतर आजपासून बैठक बंद."

सईनं हातातला घास ताटलीत ठेवला.

"बाबा, खेळ आहे रे."

"तू यात पडू नकोस. तू बापडी आपल्या नशिबानं जिंकतेस."

हे खरं होतं. अठराही वेळा सई पहिली आली होती. खानोलकरांनी इकबालवर संशय घेतला, हेमांगीबाईंवर घेतला, एकदा तर खोलीतल्या हवेच्या पंख्यावरही घेतला. दाराची फट केसाच्या शंभराव्या भागानं वाढली तर ओळखणारा माणूस, पण ही एक नोंद त्यांनी मोजायचीच सोडली होती.

इकबालांचा चेहरा तांबडा झाला. "तीस वर्सांची दोस्ती, आणि मला चोर म्हणतोस? फोड तो फासा. फोड माझ्यासमोर!"

खानोलकरांनी खरंच फोडला. म्हणजे चिमट्यानं त्याची एक बाजू उघडली. आत लोळा होता, आणि लोळ्याला चिकटलेली मुगाच्या दाण्याएवढी एक हिरवट चकती.

"ही काय?"

"लोळा कुठं सरकायचा हे सांगायला काहीतरी लागतंय का न्हाई?" इकबाल गुरगुरले. "नवा भाग पृथ्वीवरनं यायला आठ म्हैने. जुन्या यंत्रहातातली चकती पडून होती, ती बसवली. तळहात थरथरतोय, त्यावरनं ती लोळा फिरवती. थरथर कुणाची कधी सारखी नसती, म्हटलं आपसूक नशीब तयार हुईल."

हेमांगीबाईंनी चष्मा वर सरकवला. "यंत्रहातातली? इकबालभाई, ते हात मीच हात गमावलेल्या रुग्णांना बसवत होते. तुम्हाला ती चकती काय करते माहीत आहे?"

"थरथर मोजती."

"थरथर वाचते. माणूस पेला उचलायचं मनात आणतो तेव्हा स्नायूंत आधीच एक ओढ उमटते. चकती ती ओढ ओळखते आणि हात तसा हलवते. हलवल्यावर स्नायू सैलावले तर तिला कळतं, बरोबर केलं. ताठरले तर चुकलं. असं करत ती शिकते. महिन्याभरात धन्याला काय हवं ते धन्याच्या आधी तिला कळतं."

"पण फासा काही अंगाला जोडलेला नाही," खानोलकर म्हणाले.

"टाकण्याआधी मुठीत असतो. टाकल्यावर आपणच तो उपटून पुढच्याला देतो. ओढही कळते आणि समाधानही. आपल्या नियमानंच त्याला शिकवलं." बाईंनी चकतीकडे बोट दाखवलं. "हा फासा कुणालाही फसवत नाही, खानोलकर. टाकणाऱ्याला हवं ते देतो. यंत्रबाहूला काहीच नको होतं, म्हणून त्याला सगळं सारखं दिलं."

"आणि मला एक? मला काय एक हवा असतो?"

"मापनशाळेत हवा होता. फासा खोटा ठरवायचा होता ना? त्यानं ठरवून दिला."

इकबाल पहिल्यांदा हसले. खानोलकर हसले नाहीत. "आणि इथं? माझे कांदे जावेत असं मला वाटतं?"

"पाहू या. बाजू बसवा परत." हेमांगीबाईंनी फासा त्यांच्या हातावर ठेवला. "तुम्ही बैठक बंद केलीत. आम्ही मान्य केलं. पुढच्या रविवारी कुणी कुणाकडे जाणार नाही, तुम्ही जिंका नाहीतर हरा. टाका सहा वेळा."

खानोलकरांनी टाकला. चार, दोन, पाच, पाच, एक, तीन. कसलाच अर्थ नसलेले आकडे, यंत्रबाहूनं टाकल्यासारखे.

"आता बैठक चालू. हरणाऱ्याच्या घरी पुढचा रविवार. सहा पडला तर तुम्ही सुटलात. तोंडानं सहा मागा आणि टाका."

"सहा," खानोलकर मोठ्यानं म्हणाले. एक पडला.

"सहा!" एक.

तिसऱ्यांदा त्यांनी काहीच मागितलं नाही. एक पडला आणि पटाला घट्ट धरून बसला.

ती खोली दोन माणसांसाठी बांधलेली होती. दुसरं माणूस, सईची आई, चार वर्षांपूर्वी गेलं होतं. आठवड्याचे सहा दिवस तिथं एकच ताटली घासली जायची, हे तिघांनाही माहीत होतं, फक्त कुणी कधी मोजलं नव्हतं.

"आयला, खानोलकर," इकबाल हळूच म्हणाले, "या म्हणायला तोंड नव्हतं काय मर्दा? उगं कांदे घालवलेस."

खानोलकर पटाकडे पाहत होते, आणि त्यांच्या कपाळावर ती आठी आली होती जी मापनशाळेत एखादी नोंद राहून गेली की यायची.

"हेमांगीबाई, नियम एकालाच लागू नसतो ना?"

"नाही."

"हरायची ओढ म्हणजे माणसं घरी यावीत. मग कधीच न हरायची ओढ म्हणजे..." त्यांनी मान वर केली. "सई. तुझ्या खोलीत काय आहे?"

सईनं ताटलीतल्या थालीपिठाचे चार तुकडे केले, मग आठ. "काही नाही."

"काही नाही असतं तर एकदा तरी तिसरी आली असतीस. इकबाल दोनदा शेवटचा येता येता वाचला, बाई तीनदा. तू अठरा वेळा पहिली. कुणीही येऊ नये, इतकं काय आहे?"

"पेट्या आहेत," सई म्हणाली. "बांधलेल्या. मंगळावर हरितगृह उभं करायला माणसं निवडली, त्यात माझं नाव आलं. अठरा आठवडे झाले. यान तीन आठवड्यांनी आहे."

"किती वर्षं?"

"सहा."

"आणि मला कधी सांगणार होतीस?"

"सांगितलं असतं तर तू दिवस मोजत बसला असतास, बाबा. तुला दुसरं येतं काय?" तिनं ताटली दूर सारली. "दर रविवारी ठरवून यायचे. तू दारात उभा असायचास, हरून खूश. मग कसं सांगू?"

"मी खूश नव्हतो. मी संतापलेला असायचो."

"तोंडानं," हेमांगीबाई म्हणाल्या.

थालीपिठं पार गार झाली होती. शेवटी खानोलकरांनीच फासा उपटला. "डाव राहिला आहे. आज एकच फेरी. सगळ्यात लहान आकडा तो हरला."

त्यांनी फासा इकबालांच्या तळहातावर ठेवला. इकबालांना चार पडला. हेमांगीबाईंना तीन. फासा खानोलकरांकडे आला. त्यांनी तो मुठीत बराच वेळ धरला आणि सोडला. दोन उड्या, आतला लोळा सरकल्याचा बारीक आवाज, आणि सहा. अठरा आठवड्यांतला त्यांचा पहिला.

कुणी टाळी वाजवली नाही. त्यांनी फासा उपटून मुलीच्या हातावर ठेवला.

सईनं मूठ मिटली. "मला सहाच हवाय," ती म्हणाली. "पेट्यांमुळे बसायलासुद्धा जागा नाही तिथं." आणि तिनं फासा टाकला.

एक.

इकबालांनी घसा खाकरला. हेमांगीबाई चष्मा पुसू लागल्या. "कांदे आहेत का गो तुझ्याकडे?" खानोलकरांनी विचारलं.

"पेटीत गेलेत. सोडायला तुम्हा सगळ्यांनाच यावं लागेल."

मग तिनं नियमाप्रमाणे फासा पटावरून उपटला आणि शेजाऱ्याच्या, म्हणजे बापाच्या, तळहातावर ठेवला. खानोलकरांनी मूठ मिटली. त्या वेळी त्यांचा हात सैल होता की ताठ, हे फक्त फाशाला कळलं.