हजार ओहम

टण्ण करून पेला फरशीवर पडला. लाइन गेल्यापासून घर इतकं गप्प होतं की पाळण्यातलं बाळ दचकलं. पाठोपाठ कूलर घुरघुरला. लाइन आली होती.

मी वळून पाहिलं. चार वर्षांची माझी गुंजन कूलरपाशी उभी, ओल्या फरशीवर, अनवाणी. माझ्या मदतीला म्हणून पेल्याने टाकीत पाणी ओतत असावी. एक हात कोपरापर्यंत पाण्यात, दुसरा लोखंडी पत्र्यावर.

मी किंचाळले. आधी बटण बंद केलं, मगच तिला ओढलं. आयटीआयमध्ये हेच पहिलं शिकवतात.

"झटका लागला काय गं?"

"नाही तं."

बोटं पाहिली, तळवे पाहिले, छातीला कान लावला. धडधड ऐकू येत होती, पण ती माझीच होती.

शेजारच्या मंदाबाई धावत आल्या. "काऊन वं, काय झालं?" सांगितल्यावर त्यांनी गुंजनला मांडीवर घेतलं. "साऱ्या कामठ्याच्या मोटारी दुरुस्त करून राहिली, अन् घरच्या कूलरले अर्थिंग नाही! देव पावला म्हण."

म्हटलं, देव पावला. तरी कारण शोधणं भाग होतं.

फरशी कोरडी केली, कूलर लाकडी पाटावर चढवला. पंपाच्या, पंख्याच्या वायरी सोडवल्या. रबरी चपला घालून बटण लावलं. आतली फेजची, करंट आणणारी वायर सोलवटून पत्र्याला टेकली होती. मीटरने पत्र्यावर दोनशे तीस व्होल्ट दाखवले.

म्हणजे माझी पोर भर करंटला हात लावून उभी होती.

मग वाहता करंट मोजणारा क्लॅम्प मीटर त्या फेजच्या वायरीभोवती चिमट्यासारखा लावला. आता कूलरमधलं काहीच चालू नव्हतं, खालचा पाट कोरडा, भिंत लांब. करंटला जायला वाटच नव्हती. आकडा शून्यच यायला हवा होता.

आला शून्य दशांश तेवीस अँपिअर.

मीटर काढून पुन्हा लावला. तेच.

व्होल्टला अँपिअरने भागलं. हजार ओहम. कोरड्या लाकडाचा रोध लाखांत असतो. हजार म्हणजे ओल्या हातांचा माणूस. एवढा करंट गेला की हात पत्र्याला चिकटून बसतो, इच्छा असली तरी सुटत नाही.

"मंदाबाई, तुम्ही कशाला हात लावलाय?"

"मी कायले लावू? मी तं इथंच बसून आहो."

"त्या काकूनं धरला हाये ना," गुंजन म्हणाली.

"कोणती काकू?"

"ते काय. मले म्हणे, तू हट बाई, मी आहो ना."

तिने बोट दाखवलं. कूलरपलीकडे खिडकी होती, ऊन होतं.

मी बटण बंद केलं, प्लग उपटला.

आकडा शून्यावर आला.

मंदाबाईंकडून पोरीला ओढून घेतलं. ती गरम होती, घामेजलेली, जिवंत. मला हसू येत होतं, आणि डोळ्यांचं पाणीही थांबत नव्हतं. सवयीने मनात गुणाकार होऊन गेला: त्रेपन्न वॅट. पेटत्या पिवळ्या बल्बाएवढी धग. एका अंगात.

उगाच मी गुंजनच्या बोटांवर फुंकर घालत राहिले.

"मले नाही भाजलं, आई."

ती माझ्या खांद्यावरून खिडकीकडे पाहत होती.

"तिच्या हातावर कोण फुंकर मारन?"