न हललेला ट्रायपॉड

ऑर्विल लायटिनेन यांच्या दुकानात ट्रायपॉड घ्यायचा म्हणजे आधी त्याच्यावर रेलून दाखवावं लागे.

"दोन्ही तळवे माथ्यावर ठेव आणि सगळा भार टाक," ते मॅरेनला म्हणाले. "लाजू नकोस. मोडला तर माझा, टिकला तर तुझा."

मॅरेनने भार टाकला. ॲल्युमिनियमचे तिन्ही पाय कुरकुरत फाकले. तिच्या छातीशी बांधलेली ओडा, नुकती दहाव्या महिन्याला टेकलेली, तो आवाज ऐकून खुदकन हसली.

"बघ, पोरीलासुद्धा कळतंय," ऑर्विल म्हणाले. "हा सहलीला न्यायचा माल. तुझा तो पेटीएवढा कॅमेरा याच्यावर म्हणजे बकरीवर हत्ती."

डुलुथ शहराच्या चढावर नोव्हेंबरचा वारा सुटला होता. खाली सरोवरावर एक मालवाहू जहाज बंदराकडे वळत होतं. तसल्याच एका जहाजावर मॅरेनचा नवरा कामाला होता, वेड त्याचं नाव. सरोवर गोठून जहाजं थांबली की जानेवारीत घरी. तोवर दर महिन्याच्या नऊ तारखेला मॅरेन झोपलेल्या ओडाचा एक फोटो काढी, तळहाताएवढ्या फिल्मवर, खिडकीच्या उजेडात, चार सेकंद शटर उघडं ठेवून, आणि त्याची प्रत जहाजाच्या पुढच्या बंदरावर धाडी. आठ फोटो लख्ख आले होते. नववा बिघडला, म्हणून ती ट्रायपॉड घ्यायला आली होती.

तिने पिशवीतून ती निगेटिव्ह काढली. ऑर्विलनी ती खिडकीशी धरून भिंग लावलं.

"माथा सैल होता तुझ्या जुन्या ट्रायपॉडचा. कॅमेरा उजवीकडे फिरलाय. पोरीच्या पलंगाच्या कठड्याचे गज बघ, पडदा बघ, सगळं फरफटलंय. पोरगी तेवढी छान आलीय. पळणाऱ्या माणसाचा फोटो घेताना असंच होतं. कॅमेरा त्याच्याबरोबर फिरवला की माणूस स्वच्छ, रस्ता पुसट."

"पण ती पळत नव्हती," मॅरेन म्हणाली. "झोपली होती."

ऑर्विलनी भिंग काढलं, पुसलं, परत लावलं. कॅमेरा फिरला असता तर झोपलेली मुलगीही गजांसारखीच फरफटायला हवी होती. हे त्यांनाही कळलं, तिलाही.

"तू हा घेऊन जा," शेवटी ते म्हणाले आणि आतून एक लाकडी ट्रायपॉड उचलून आणला. जमीन मोजणाऱ्यांचा, जाड पायांचा, पितळी टोकांचा, नऊ किलोंचा. मॅरेन त्याच्यावर रेलली. मग ऑर्विल रेलले. भिंतीवर रेलल्यासारखं वाटलं. तिला फार बरं वाटलं. दोष लोखंडालाकडाचा असला की माणूस पैसे टाकून तो मिटवू शकतो.

नऊ तारखेला दुपारी दोन वाजता ओडा पलंगात उताणी झोपली होती, लोकरीच्या झबल्यात, दोन्ही हात उघडे टाकून. मॅरेनने ट्रायपॉडची टोकं जमिनीच्या फळ्यांच्या फटीत रोवली, खालून दगडांची पिशवी टांगली, श्वास रोखला आणि चार मोजले.

न्हाणीघरात निगेटिव्ह धुऊन तिने दिव्यासमोर धरली. गज फरफटले होते, मागच्यापेक्षा जास्त. गादी, पडदा, भिंतीवरचं खिळ्याचं भोक, सगळं एकाच बाजूला ओढल्यासारखं. मधोमध ओडा. पापण्यांचे केस मोजता येतील इतकी स्वच्छ.

मॅरेन शिकलेली बाई होती. गोंधळली की ती यादी करी. त्या आठवड्यात तिने रिकाम्या पलंगाचा फोटो काढला. लख्ख. ओडाच्या जागी चिंध्यांची बाहुली ठेवून काढला. लख्ख. माथ्यावर चिकटपट्टी लावून, जमिनीवर ट्रायपॉडच्या पायांभोवती खडूने रेघा मारून परत ओडाचा काढला. पट्टी सुटली नाही, रेघ पुसली नाही, आणि फोटोत घर फरफटलं ते फरफटलंच. ट्रायपॉड जितका भक्कम, तितकी सबब सांगायला जागा कमी, हे तिला रात्रीच्या जेवणाचं सूप ढवळताना उमगलं आणि चमचा हातात तसाच राहिला.

वेडचा फोन आला तेव्हा तिने सांगून पाहिलं.

"म्हणजे फोटो खराब आला," वेड म्हणाला.

"खराब नाही. ती चांगली आलीय. बाकीचं खराब आलंय."

"मग मला तीच तर हवीय. पडद्यांचं काय लोणचं घालू?" मग जरा थांबून, आवाज उतरवून, "मॅरेन, तू झोपतेस ना नीट?"

"झोपते," ती म्हणाली. त्यानंतर तिने त्याला काही सांगितलं नाही.

डिसेंबरच्या नऊ तारखेला, मॅरेनने फोनवर सगळं सांगितल्यावर, ऑर्विल स्वतःच आले. दारात बूट झटकत म्हणाले, "माझ्या ट्रायपॉडची बदनामी चाललीय असं ऐकलं. त्याची बाजू मांडायला आलोय." पण आत येऊन त्यांनी पलंग पाहिला, खडूच्या रेघा पाहिल्या, आणि पुढे थट्टा केली नाही. त्यांनी एक उथळ बशी पाण्याने भरून ट्रायपॉडच्या पायाशी ठेवली. फळी हलली तर पाणी सांगेल, म्हणाले.

"मी पाण्याकडे बघतो. तू शटर सांभाळ."

"शटर तुम्ही उघडा," मॅरेन म्हणाली. "मी तिला धरते."

"धरतेस? कशाला?"

फोटो काही सांगत असेल तर एवढंच, की त्या चार सेकंदांत कॅमेरा आणि ओडा एकमेकांना धरून राहतात आणि घर मागे पडतं. हे तोंडाने म्हटलं असतं तर तिला स्वतःलाच दवाखान्यात जावंसं वाटलं असतं. ती गजांतून हात घालून वाकली आणि झोपलेल्या लेकीचा उजवा पाय घोट्यापाशी घट्ट धरला. पाय कोमट होता. मुठीत पूर्ण मावत होता.

शटर उघडलं. एक. दोन. तीन. चार. घोटा तिच्या मुठीतून कणभरही सरकला नाही, हे ती शपथेवर सांगू शकली असती. शटर मिटलं.

"पाणी?" तिने विचारलं.

"आरशासारखं," ऑर्विल म्हणाले.

फिल्म दोघांनी मिळून धुतली. न्हाणीघरात दाटीवाटीने उभे राहून त्यांनी ती दिव्यासमोर धरली. ऑर्विलनी पाहिलं आणि भिंग तिच्या हातात दिलं.

गज आता गज राहिले नव्हते, नुसत्या रेघा होत्या. मॅरेनचा हातही रेघच होता. तो घरासारखाच मागे ओढला गेला होता, आणि ओडाचा घोटा त्याच्या बाहेर होता. खऱ्या मापात चांगला वीतभर बाहेर.

ओडाचे डोळे मिटलेले. उजवा हात गादीवर.

डावा हात वर उचललेला होता.

कोपरात सरळ, डोक्यापलीकडे, आणि मूठ मिटलेली. मुठीत काही नव्हतं. पण मोठ्या माणसाचं बोट धरून रस्त्याने जाणारं मूल मूठ मिटतं, तशी ती मिटलेली होती.

"तिने हात उचलला होता का?" ऑर्विलनी विचारलं.

"मी बघत होते," मॅरेन म्हणाली. "मी तिच्याकडेच बघत होते."

ते बराच वेळ टॉवेलला हात पुसत राहिले. मग म्हणाले, "यापुढे तिचे फोटो काढू नकोस, पोरी."

"काढले नाहीत तर ते थांबेल?"

"ते मला माहीत नाही. फोटो थांबतील."

जाताना त्यांनी ट्रायपॉड उचलला. मॅरेनने अडवलं नाही. दारात त्यांनी विचारलं, "त्याच्यात दोष होता म्हणून परत घेतला, असं लिहू?"

"नाही," ती म्हणाली. "दोष असता तर मी ठेवला असता."

जानेवारीच्या मध्यावर सरोवर गोठलं आणि वेड घरी आला. दोन बोटं दाढी वाढवून, अंगाला डिझेलचा वास घेऊन. ओडा आधी त्याला बघून रडली, मग त्याच्या दाढीत बोटं घालून बसली. मॅरेनने कॅमेरा माळ्यावर टाकला होता. ती आता रात्री ओडाच्या पलंगाला लागून जमिनीवरच झोपत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो ओट्याशी अंडी फेटत होता. ओडा खुर्चीच्या पायाला धरून उभी होती. तिने खुर्ची सोडली.

"मॅरेन," वेड हळूच म्हणाला. "हलू नकोस. बघ."

ओडाने एक पाऊल टाकलं. मग दुसरं. वेड गुडघ्यांवर बसून हात पसरत "ये, इकडे ये, बाबाकडे" म्हणत होता. ती त्याच्याकडे गेली नाही. ती खिडकीच्या दिशेने निघाली होती, मुळीच न धडपडता, तिसरं पाऊल, चौथं.

"कोणी शिकवलं गं हिला असं चालायला?" वेड हसत होता. "हात बघ कसा धरलाय."

डावा हात वर होता. मूठ मिटलेली.

पाचव्या पावलाला ओडा थांबली. तिने मान मागे टाकून वर पाहिलं, आईकडे नाही, बाबाकडे नाही, स्वतःच्या मुठीच्या वर, पुढे जाऊ का असं विचारल्यासारखं.

मॅरेन मधल्या खुर्चीला धडकत गेली आणि तिने लेकीला उचललं. वेड काहीतरी म्हणत होता, अगं चालू दे ना तिला, पहिल्यांदाच चालतेय. मॅरेनने ओडाला पोटाशी घट्ट आवळून तिचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. स्वयंपाकघर गार होतं. उजवा हात बर्फासारखा लागला.

डावा उबदार होता, आणि तळव्याला घाम आलेला होता, फार वेळ कुणाच्या तरी हातात राहिल्यासारखा.