‘सोडा’ म्हणायचं राहिलं

रोज सकाळी एक्स-रेची खोली उघडली की मी आत उभा राहून काय पुटपुटतो, असं तुम्ही काल विचारलंत. देवाचं नाव घेत असेन, असं वाटलं असेल तुम्हाला. तसं नाही. पुढच्या महिन्यात मी निवृत्त झालो की ही खोली तुमच्या ताब्यात येणार, म्हणून सांगतो. बसा. चहा घ्या, गार होतोय.

आपल्या कामात बोलायचं ते चार शब्द. छातीचा फोटो असला की पेशंटला स्टँडपुढे उभं करायचं, हनुवटी वर टेकवायला सांगायची, काचेमागे यायचं आणि म्हणायचं, “मोठा श्वास घ्या. रोखा.” बटण दाबायचं. मग, “सोडा.” हे मी इतक्या वेळा म्हटलंय की, झोपेतसुद्धा म्हणता, असं बायको म्हणते.

नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. दुपारचे चार वाजत आले होते, मी एकटाच होतो. एक उंच, खांदे पडलेला म्हातारा चिठ्ठी घेऊन दारात आला. चेहरा पाहिला आणि माझ्या हातातला कप हातातच राहिला. तो ‘पाणबुड्या’ होता, पोहण्याच्या शर्यतींत लोकांनीच त्याला दिलेलं नाव ते. आमच्या पिढीत त्याला न ओळखणारा माणूस विरळा. शर्यतीत बाकीचे पाण्यावर हात मारत सुटायचे, हा मात्र तळातून जायचा आणि वर यायचा तो सगळ्यांच्या पुढेच. आपल्याच गावच्या पोहण्याच्या तलावात तो शिकला. ऐन भरात असताना एकाएकी पोहणं सोडून कुठेसा निघून गेला, का ते कुणाला कळलं नाही. माझी मुलगी तेव्हा अकरा वर्षांची, त्याच तलावात पोहायला जायची. तिच्या कपाटाच्या दारावर त्याचं जुनं कात्रण चिकटवलेलं होतं.

पेशंट कितीही मोठा असला तरी आपण पाघळायचं नाही, हा माझा नियम. नेहमीसारखा शर्ट काढायला सांगितला. त्याच्या अंगाला तलावात टाकतात त्या औषधाचा वास येत होता. स्टँडपुढे उभा केला, “रोखा” म्हटलं, बटण दाबलं, आणि नेमका फोन वाजला.

मुलीचा होता. पाण्यात उतरण्याआधी ती तलावाच्या ऑफिसातून रोज फोन करायची. मला राहवलं नाही. चुलीत गेला नियम! हळूच म्हटलं, ओळख बघू, माझ्यासमोर कोण उभंय. मग काय विचारता. सही आण, खालून जाताना डोळे उघडे ठेवतात का ते विचार, एक ना दोन. बापलेकीच्या गप्पा त्या, रंगत गेल्या. घड्याळाकडे लक्ष गेलं तेव्हा चार मिनिटं होऊन गेली होती.

काचेतून पाहिलं. तो तसाच उभा होता. हनुवटी वर, छाती फुगलेली. पाठ जराही हलत नव्हती.

फोन हातात घेऊनच धावत बाहेर आलो. “अहो, झालं कधीच. माफ करा. शर्ट घाला.”

तो वळला. चेहऱ्यावर दमल्याची खूणही नव्हती. “सांगितल्याशिवाय... सोडायचा नाही,” तो म्हणाला. “असं शिकलोय मी.”

मी पुन्हा माफी मागितली.

“होतं असं,” तो म्हणाला. “माझ्याकडूनही झालं होतं. धाकट्या बहिणीला मीच इथल्या तलावात तळाशी बसवलं... म्हटलं, रोख, मी सांगेन तेव्हा सोड. तेवढ्यात सही मागायला लोक आले.” त्यानं माझ्या हातातल्या फोनकडे पाहिलं. “अजून रोखून बसलीय ती.”

फोनमधून मुलगी बाबा, बाबा करत होती. त्यानं हात पुढे केला आणि मी, मूर्खासारखा, फोन त्याच्या हातात दिला.

तो बराच वेळ नुसता ऐकत राहिला. “आवाज तिच्यासारखाच आहे,” म्हणाला. मग अगदी हळू आवाजात, “खोल बाजूला जा. तळाशी बस. मोठा श्वास घे... रोख. मी सांगेन तेव्हा सोड.” फोन बंद करून त्यानं माझ्या हातात ठेवला, शर्ट उचलला आणि गेला. एवढं बोलला, पण छाती हलली नव्हती. हे माझ्या नंतर लक्षात आलं.

तेव्हा मला कौतुकच वाटलं. एवढा मोठा माणूस माझ्या पोरीला युक्ती शिकवतोय! त्याच आनंदात मी पडद्यावर फोटो उघडला. तुम्हाला सांगायला नको, छातीच्या फोटोत हवा काळी दिसते, पाणी पांढरं. त्याची दोन्ही फुप्फुसं वरपासून खालपर्यंत पांढरी होती. कुठंही काळा ठिपका नव्हता. अशी छाती घेऊन माणूस चालत येत नाही.

तलावाच्या ऑफिसात फोन लावला. कुणी उचलेना. खोली उघडी टाकून मागच्या गल्लीतल्या तलावाकडे पळत सुटलो.

तिथं सर उथळ बाजूला लहान मुलांना पाय मारायला शिकवत होते. तुमची आत्ता तर इथंच होती, म्हणाले. मी खोल बाजूला गेलो. ती तळाशी बसली होती, शिडीचा दांडा धरून, वर बघत. मला धड पोहता येत नाही. बुटांसकट उडी मारली. सरांनी आम्हा दोघांना वर ओढलं.

फरशीवर निजवली तरी ती श्वास सोडेना. गाल फुगलेले, ओठ निळे, डोळे उघडे. सर पाठीवर थापट्या मारत होते. श्वास घे बाळा, श्वास घे, म्हणून मी घसा फोडून ओरडत होतो. एकुलती एक पोर माझी, डोळ्यांदेखत जात होती. आणि मग काही विचार न करता, पेशंटला म्हणतो तसाच तोंडातून शब्द गेला.

“सोडा.”

तिनं सोडला. त्याच क्षणी खोल बाजूला, पाण्यात कुणी नसताना, तळातून बुडबुडे यायला लागले. बराच वेळ येत राहिले. सरांनी मुलं दोनदा मोजली. सगळी बाहेर होती.

मी तिला टॉवेलात गुंडाळून रडत बसलो होतो. ती माझ्या कानाशी म्हणाली, “बाबा, माझ्या शेजारची सुटली... पण त्याला तू सांगितलंच नाहीस.”

खरं होतं. मी त्याला ‘झालं’ म्हणालो होतो, ‘माफ करा’ म्हणालो होतो. तेवढा एक शब्द राहिला होता. पुढे त्याचा पत्ता कुणालाच लागला नाही.

दुसऱ्या दिवशी खोली उघडली तर स्टँडवर हनुवटी टेकतात ती जागा ओली होती. तेव्हापासून रोज असते. मी पुसतो, काचेमागे जातो आणि म्हणतो, “सोडा.” ऐकतो की नाही, कोण जाणे.

आज सकाळी मात्र ओलं दोन ठिकाणी होतं. एक नेहमीच्या जागी, दुसरं त्याच्या जरा खाली, एखाद्या तरुण मुलीची हनुवटी येईल तिथं. मुलगी माझी आता वीस वर्षांची आहे, दूरच्या गावी कॉलेजात शिकते. मी लगेच फोन लावला. तिनं उचलला. हॅलो नाही, काही नाही.

“बाबा,” ती म्हणाली, “आधी म्हण.”

मी म्हटलं. पलीकडे तिनं श्वास सोडला, खूप वेळ सोडत राहिली. कधीपासून रोखला होता, ते विचारायचा मला धीर झाला नाही.